बारमाही विरंगुळा आणि जमिनीची सुटी

‘बारमाही’ हा मराठीतला जुना आणि जबाबदारीने वापरला जाणारा शब्द आहे. नदी बारमाही असते, विहीर बारमाही असते, क्वचित एखादा झरा बारमाही असतो. आणि तसे म्हणताना बोलणाऱ्याच्या मनात इतर कितीतरी नद्या, विहिरी आणि झरे तसे नाहीत याची जाणीव असते. दिवाळीनंतर आटत जाणाऱ्या ओढ्यांच्या प्रदेशात हा शब्द कौतुकाने, किंबहुना कृतज्ञतेने उच्चारला जातो. हाच शब्द आता पर्यटनाच्या जाहिरातींत येऊन बसला आहे. गोल्फचे मैदान मध्यभागी ठेवून त्याभोवती बंगले, तरणतलाव, घोडेस्वारीची वाट आणि उपाहारगृहे उभारलेल्या संकुलांना आपण आता सरसकट गोल्फ रिसॉर्ट म्हणतो. या रिसॉर्टांचे मुख्य आश्वासन ‘बारमाही मैदानी विरंगुळा’ हेच असते. हिवाळ्यात कोवळ्या उन्हातला खेळ, उन्हाळ्यात पाण्यातली क्रीडा, पावसाळ्यात धुक्यातून पदभ्रमण, आणि या साऱ्यामागे वर्षभर न बदलणारी, एकाच छटेची हिरवळ. प्रस्तुत लेखात आम्हांस या आश्वासनाचा विचार करावयाचा आहे. आमचा आक्षेप गोल्फ या खेळाला नाही. तो त्याच्यामागे लावलेल्या ‘बारमाही’ या विशेषणाला आहे.

हे विशेषण निरुपद्रवी नाही, हे महाराष्ट्राला वेगळे सांगण्याची गरज नसावी. इथल्या पाण्याच्या राजकारणात ‘बारमाही’ आणि ‘आठमाही’ हे शब्द परस्परांविरुद्ध उभे राहिलेले आहेत. कालव्याचे पाणी उसासारख्या पिकाला वर्षभर द्यावे, की खरीप आणि रब्बी हंगामांपुरते आठ महिने देऊन ते अधिक शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवावे, हा वाद १९७० आणि १९८०च्या दशकांत येथे चांगलाच रंगला. आठमाही पाणीवाटपाचा पुरस्कार करणाऱ्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते, की एकाचे बारमाही हे बहुधा दुसऱ्याच्या वाट्याच्या महिन्यांतून येते. उसाच्या बाबतीत ते कितपत खरे ठरले, याची चर्चा अर्थशास्त्रज्ञांनी पुष्कळ केलेली आहे. विरंगुळ्याच्या बाबतीत मात्र तोच प्रश्न आपण अद्याप नीटसा विचारलेला नाही. हिरवळ बारमाही, तलाव बारमाही, सेवा बारमाही. मग हे बारा महिने नेमके कोणाच्या खात्यातून वजा होतात?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी ज्या गावाला गोल्फचे माहेर मानले जाते, त्या स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजकडे पाहणे उद्बोधक ठरेल. आपल्याकडे गोल्फ म्हटले की कुंपण, पहारेकरी आणि सभासदत्वाची भारी वर्गणी डोळ्यांपुढे येते. सेंट अँड्र्यूजच्या ‘ओल्ड कोर्स’चा इतिहास याहून वेगळा आहे. समुद्रकिनारा आणि शेतजमीन यांच्यामधला वाळूचा, खुरट्या गवताचा, शेतीला निरुपयोगी असा हा पट्टा. तेथे मेंढ्या चरत, ससे बिळे करीत, लोक खेळत. १४५७ साली स्कॉटलंडच्या संसदेने फुटबॉल आणि गोल्फ या दोन्ही खेळांवर बंदी घातली होती. कारण त्यांच्या नादात लोकांचा धनुर्विद्येचा सराव बुडत होता. लोक या खेळात किती रमले होते, हे सांगायला एवढा पुरावा पुरे. पुढे १५५२च्या सनदेत आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यांनी या भूमीवर सशांची पैदास करण्याची मुभा मिळवताना नगरवासीयांचा तेथे खेळण्याचा हक्क मान्य केला. अठराव्या शतकाच्या अखेरीस कर्जात बुडालेल्या नगरपरिषदेने ही जमीन हातची घालवली आणि ती सशांचा व्यापार करणाऱ्यांकडे गेली. तेव्हा ससे की खेळ, हा तंटा अनेक वर्षे चालला, न्यायालयापर्यंत पोहोचला. अखेर १८९४ साली संसदेच्या कायद्यान्वये ही भूमी नगराकडे परत आली. १९७४पासून एक विश्वस्त संस्था तिची व्यवस्था पाहते.

आज जगातले सर्वांत नामांकित मानले जाणारे हे मैदान सार्वजनिक जमीन आहे. पहिल्या आणि अठराव्या होलच्या पट्ट्यांना छेदून गावाचा रस्ता समुद्राकडे जातो आणि त्यावरून कोणीही जाऊ शकतो. आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी, की मोजक्या मोठ्या स्पर्धांचा अपवाद वगळता रविवारी तेथे खेळ बंद असतो. त्या दिवशी गावातली माणसे मैदानावरून फिरतात, मुले धावतात, कुत्री हिंडतात. रविवार पाळण्यामागे मूळची प्रेरणा अर्थात धार्मिक होती. परंतु एकोणिसाव्या शतकात मैदानाची निगा राखणारे टॉम मॉरिस यांच्या नावाशी आणखी एक विचार जोडला जातो: खेळणाऱ्यांना विश्रांती नको असली, तरी मैदानाला ती हवी असते. हिवाळ्याच्या महिन्यांत, जेव्हा गवताची वाढ मंदावते, तेव्हा तेथे चेंडू चटईच्या लहानशा तुकड्यावर ठेवून मारावा लागतो; गवताच्या मुळांना धक्का लागू नये, एवढाच त्यामागचा हेतू. जगभरातून लोक जेथे एकदा तरी खेळायला मिळावे म्हणून सोडतीत नाव घालतात, तेथे आठवड्यातून एक दिवस आणि वर्षातून काही महिने जमिनीचे म्हणणे ऐकले जाते.

गोल्फ रिसॉर्ट या कल्पनेने सेंट अँड्र्यूजकडून खेळ घेतला, अठरा होल घेतले, गवताचा गालिचा घेतला; रविवार मात्र घेतला नाही. सार्वजनिक रस्ताही घेतला नाही. खेळ जिथे जन्मला तिथे जमीन, हवा आणि ऋतू यांनी जे नियम घालून दिले, ते प्रवासात गळून पडले आणि उरले ते एक चित्र. ते चित्र कोणत्याही हवामानात उभे करायचे, तर त्याला बाहेरून सतत पाणी, खत आणि मनुष्यबळ पुरवणे भाग पडते. समुद्रकाठच्या दमट, थंड वाऱ्यावर जे गवत आपसूक तगते, ते दख्खनच्या पठारावर किंवा कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर वैशाखात हिरवे राखणे, हा निसर्गाच्या सान्निध्याचा प्रकार म्हणता येणार नाही. निसर्गाशी रोज नव्याने मांडलेला तो दावा आहे.

या दाव्याचा खर्च मोजण्यासाठी फार मोठ्या गणिताची आवश्यकता नाही. एक एकर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी पसरायचे, तर सुमारे चार हजार लिटर लागते. कडक उन्हाळ्यात दाट हिरवळीतून दिवसाला पाच मिलिमीटरच्या आसपास पाणी हवेत उडून जाते, आणि ती हिरवी ठेवायची तर तेवढे परत द्यावे लागते. अठरा होलच्या मैदानाला एकंदर शंभर-सव्वाशे एकर किंवा त्याहूनही अधिक जमीन लागते. त्यातली केवळ साठ एकर नियमित भिजवली असे धरले, तरी रोजचे पाणी बारा लाख लिटर होते. ग्रामीण भागासाठी ‘जल जीवन मिशन’ने माणशी दररोज ५५ लिटरचे प्रमाण धरले आहे. त्या प्रमाणाने हे पाणी सुमारे २२,००० माणसांचे झाले. काही संकुले सांडपाणी शुद्ध करून वापरतात, आणि तशी ती वापरत असतील तेथे हे गणित अर्थातच बदलेल. पण ज्या तालुक्यात मार्चपासून टँकरची वाट पाहिली जाते, तेथे ‘बारमाही हिरवळ’ हे दोन शब्द शेजारीशेजारी छापणाऱ्याने हा हिशेबही त्यांच्या शेजारी छापला पाहिजे, अशी अपेक्षा करणे गैर ठरू नये.

याच कारणांसाठी १९९३ साली आशियातील काही देशांच्या कार्यकर्त्यांनी एकत्र येऊन गोल्फ मैदानांच्या प्रसाराविरुद्ध जागतिक चळवळ सुरू केली होती. आपल्या निकट म्हणायचे, तर गोव्याच्या पेडणे तालुक्यातले, सिंधुदुर्गाला खेटून असलेले तेरेखोल हे चिमुकले गाव आठवावे. तेथे प्रस्तावित झालेल्या गोल्फ रिसॉर्टविरुद्ध २०१४-१५च्या सुमारास ग्रामस्थ उभे राहिले. काजूच्या बागा आणि कूळ म्हणून जमिनीवर असलेला आपला हक्क, हे त्यांच्या म्हणण्याचे दोन आधार होते. प्रकरण कोर्टकचेऱ्यांपर्यंत गेले. काजूची बाग वर्षातून काही महिनेच उत्पन्न देते, हे खरे. उरलेले महिने ती मोहोराची आणि पावसाची वाट पाहते. बारमाही उत्पन्नाचा आग्रह धरणाऱ्याला ती बाग ‘अविकसित’ वाटली, तर नवल नाही.

या विवेचनावर घेतला जाणारा मुख्य आक्षेप रोजगाराचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. रिसॉर्ट आले की माळी, स्वयंपाकी, चालक, कॅडी अशी कामे निर्माण होतात. पडीक माळाला पैसा मिळतो. मुंबई-पुण्याकडे जाणारी मुले काही काळ तरी गावाजवळ राहतात. इतकेच नव्हे, तर या खेळाने क्वचित खालून वर जाणारी वाटही उघडली आहे. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून वाढलेले अली शेर यांनी १९९१ साली इंडियन ओपन जिंकली. असे करणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक गोल्फपटू. दुसऱ्याची पिशवी वाहणारा मुलगा त्याच मैदानाचा विजेता होतो, हे उदाहरण विसरून गोल्फविषयी बोलणे अन्यायाचे होईल. तथापि एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. रोजगार बारमाही असणे आणि काम करणाऱ्याला बाराही महिने उसंत नसणे, या भिन्न गोष्टी आहेत. पाहुण्यांची सुटी ज्या दिवशी असते, नेमका तोच दिवस कॅडीच्या आणि माळ्याच्या सर्वाधिक कामाचा असतो. गणपतीत, दिवाळीत, शिमग्यात गर्दी उसळते, म्हणून गावच्या माणसाला गावच्या सणाला रजा मिळणे अवघड होते. ज्याच्या गावात विरंगुळा आला, त्याचाच विरंगुळा गेला, असा हा व्यवहार आहे.

मराठी समाजाने विरंगुळ्याचा विचार केलाच नव्हता, तो आम्हांला इंग्रजांनी आणि नंतर पर्यटन कंपन्यांनी शिकवला, अशी एक समजूत सुशिक्षितांत आढळते. वस्तुतः आपल्याकडचा विरंगुळा थांबण्याशी जोडलेला होता. ‘सुटी’ हा शब्दच ‘सुटणे’शी नाते सांगतो. अमावस्येला औत धरायचे नाही. कित्येक गावांत आठवड्याचा एक ठरावीक वार शेतकामाला बंद, कुठे त्याला मोडा म्हणतात. पोळ्याला बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचे नाही. पाठशाळांत अनध्यायाचे दिवस असत. प्रतिपदेला, अष्टमीला, अकाली मेघगर्जना झाली तरीही अध्ययन थांबे. दशावतारी मंडळी कार्तिकातल्या जत्रांपासून बाहेर पडतात आणि पावसापूर्वी पेटारे बंद करतात. आषाढात नाटक नाही, कारण आषाढात प्रेक्षक चिखलणीत गुंतलेला आहे. या सगळ्या व्यवस्थेत करमणुकीला हंगाम होता, त्याचप्रमाणे करमणूक करणाऱ्याला आणि तिचा भार वाहणाऱ्या जमिनीला, जनावराला विसावा होता.

या संदर्भात मालवण तालुक्यातल्या आचरे गावाची गावपळण आम्हांस विशेष अर्थपूर्ण वाटते. काही वर्षांच्या अंतराने, ग्रामदैवत रामेश्वराचा कौल मिळाला की सारा गाव गुरेढोरे, कोंबड्या, कुत्री-मांजरे घेऊन वेशीबाहेर जातो आणि तीन दिवस, तीन रात्री रानात, माळावर, झोपड्या बांधून राहतो. गावात चूल पेटत नाही. बाहेर मात्र गप्पा, भजने, फुगड्या, एकत्र जेवणे यांना ऊत येतो. तीमागची श्रद्धा काय असावी, याविषयी मते असतील. आम्ही एवढेच म्हणू, की मैदानी विरंगुळ्याचा याहून संपूर्ण प्रकार आमच्या पाहण्यात नाही. त्यात कोणी पाहुणा नाही आणि कोणी सेवक नाही. सगळेच बाहेर पडलेले असतात, आणि त्या अवधीत गावची जमीन, विहिरी, वाटा यांना माणसांपासून सुटी मिळते. ती तीनच दिवसांची असते आणि म्हणूनच तिची आठवण पुढच्या गावपळणीपर्यंत पुरते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जुनी गावव्यवस्था ही सर्वांच्या विसाव्याची व्यवस्था होती, असे सुचवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. गायरान सर्वांचे म्हणायचे, पण पाणवठा सर्वांचा नव्हता. सार्वजनिक म्हणवल्या जाणाऱ्या तळ्याचे पाणी पिता यावे, यासाठी १९२७ साली महाडला सत्याग्रह करावा लागला, हे ज्याला आठवते तो गतकाळाचे हळवे चित्र रंगवणार नाही. पण रिसॉर्टच्या कुंपणावर टीका करण्यासाठी गावकुसाची भलामण करण्याची आवश्यकता नाही. उलट, गावकुसाने काय केले ते ठाऊक असलेल्या समाजाने नव्या कुंपणाकडे अधिक संशयाने पाहिले पाहिजे. पाणी कोणाचे आणि वाट कोणाला मोकळी, हे दोन प्रश्न महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी विचारले गेले. ते आता हिरवळीच्या काठावर उभे राहून पुन्हा विचारावे लागत आहेत.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर जाहिरातींच्या भाषेत आहे. ‘निसर्गाच्या कुशीत’, ‘हिरवा शालू पांघरलेली धरती’, ‘धुक्याची दुलई’, ‘शहराच्या कोलाहलापासून दूर’: ही शब्दकळा विक्री विभागाने घडवलेली नाही. ती आपल्या कवितेतून, ललित गद्यातून आणि शालेय निबंधांतून तयार होऊन तेथे पोहोचली आहे. रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात इंग्रजी कवितेतल्या ग्रामीण चित्रणातून राबणारी माणसे कशी नाहीशी होतात, याची मांडणी केली. जमिनीवरून श्रम पुसला की दृश्य उरते. दृश्याला किंमत लावता येते. आपल्या निसर्गवर्णनाच्या एका प्रवाहालाही हे निरीक्षण लागू पडते. वर्णनात शेत असते, बांधावरची बाई नसते. हिरवळ असते, ती पहाटे साडेचारला कापणारा माणूस नसतो. अशा वर्णनाला उपमा-उत्प्रेक्षांचे गुण देत राहण्याची जी अध्यापनपद्धती रूढ आहे, तिचे पुढचे पाऊल माहितीपत्रकातच पडणार.

याच्या विरोधी असा दुसरा प्रवाह मराठीत आहे, हे आपले भाग्य. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’ला (१९५६) बारा महिने आहेत, पण ते ‘बारमाही’ नाही. तेथे प्रत्येक महिना मागच्याहून वेगळा आहे. एकाचे येणे दुसऱ्याच्या जाण्यावर अवलंबून आहे. हा भेद विद्यार्थ्यांना गवताच्या साध्या उदाहरणाने दाखवता येतो. माळावरचे गवत आषाढात वर येते, भाद्रपदात तुरे धरते, मार्गशीर्षात पिवळे पडते. मग त्याच्या पेंढ्या बांधल्या जातात आणि उन्हाळ्यात माळ उघडा होतो. गोल्फच्या ‘ग्रीन’वरचे गवत तीन-चार मिलिमीटरच्या वर वाढूच दिले जात नाही. ते कधी फुलत नाही, कधी वाळत नाही. त्याला वय नाही. जांभ्याचा सडा वैशाखात काळाठिक्कर दिसतो, महसुली दप्तरात त्याची नोंद पोटखराबा म्हणून होते, आणि श्रावण-भाद्रपदात त्याच कातळावर रानफुलांचे ताटवे उठतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या अशाच सड्यांवर फार जुन्या काळच्या माणसांनी कोरलेली कातळशिल्पे आहेत. म्हणजे ज्या भूमीला आपण ‘रिकामी’ म्हणतो, ती केवळ आपल्या कॅलेंडरप्रमाणे वागत नाही, एवढेच तिचे रिकामेपण. ऋतू वाचता न येणाऱ्यालाच ती पडीक दिसते.

वर्षभर भरलेले राहणे ही यशाची खूण आहे, असे व्यवसायाचे शास्त्र सांगते. विरंगुळ्याचा विचार करणाऱ्याने ते जसेच्या तसे मान्य करण्याचे कारण नाही. सदासर्वकाळ उपलब्ध असलेला विरंगुळा हा लवकरच कामासारखा होतो. त्याचेही वेळापत्रक, त्याचीही स्पर्धा, त्याचाही हिशेब. थॉर्स्टिन व्हेब्लेन यांनी १८९९ साली दाखवून दिले होते, की सधन वर्गासाठी फुरसत ही उपभोगण्याची बाब कमी आणि दाखवण्याची अधिक असते. आता ती दाखवण्यासाठी वैशाखातली हिरवळ लागते, म्हणून हा प्रश्न सधन वर्गापुरता उरत नाही. तो खालच्या वाडीतल्या विहिरीपर्यंत पोहोचतो.

तेव्हा आमचे म्हणणे बंदीचे नाही. सेंट अँड्र्यूजने सहा शतकांच्या भांडणांतून, तडजोडींतून जे सांभाळले, त्याची किमान मागणी आपण येथे करावी, एवढेच आहे. आपल्या परिसरात असे संकुल येऊ घातले, तर ग्रामसभेत तीन गोष्टी विचाराव्यात. मे महिन्यात मैदानाला रोज किती पाणी लागेल आणि ते कोठून येईल? गावाची वहिवाटीची वाट मैदानातून मोकळी राहील काय? आणि मैदान कोणत्या दिवशी, कोणत्या महिन्यात बंद असेल? पहिल्या दोन प्रश्नांना आकडे आणि नकाशे दाखवून काहीतरी उत्तर दिले जाईल. तिसरा प्रश्न मात्र त्यांना बहुधा समजणारच नाही. तो समजावून सांगता येईल अशी भाषा आपल्याजवळ आहे. मोडा, अनध्याय, गावपळण हे शब्द परीक्षेत टिपा लिहिण्यापुरते न ठेवता तेथे नेऊन ठेवणे, हे मराठीच्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याचे काम आहे.